मामाजींची आठवणींची वही: वाचावी कशी, बोलावं काय

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या बाई नागपुरात बँकेत नोकरीला आहेत. त्यांचे सासरे, म्हणजे मामाजी, रेल्वेच्या मोतीबाग वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, पंचाहत्तरीच्या पुढचे. बरेच महिने रोज दुपारी ते लिहीत बसायचे. आता दोन फुलस्केप वह्या सुनेच्या हाती देऊन म्हणाले, "वाच अन् खरं खरं सांग. पोरं तर छानच म्हणतील." नवऱ्याचं म्हणणं, "तूही छान म्हण आणि मोकळी हो." पण वहीत अडचणीच्या दोन जागा आहेत. काटोलकडच्या वावराच्या वाटणीत धाकट्या भावाने फसवलं, असं नावानिशी लिहिलं आहे. आणि वारलेल्या सासूबाई, ज्यांना घरात आत्याबाई म्हणत, त्या दोन्ही वह्यांत जवळजवळ नाहीतच. शिवाय बाई ज्या वाचनगटात जातात तिथे आत्मकथनांवरची चर्चा "अंगावर काटा आला"च्या पुढे सरकत नाही, याचंही काय करावं ते त्यांनी विचारलं आहे. मामाजींच्या परवानगीने वहीतलं एक पान त्यांनी मला टाइप करून पाठवलं. लोकांची हस्तलिखितं वाचून अभिप्राय द्यायचा आणि जमेल ती छपाईपर्यंत न्यायची, हे माझं काम. त्यात निवृत्त माणसांच्या आठवणी सगळ्यात जास्त येतात.

तुमच्या नवऱ्याचा सल्ला घरातल्या शांततेसाठी ठीक आहे, पण तो एक दिवसही टिकणार नाही. 'छान आहे'च्या मागोमाग "काय छान वाटलं?" येतंच, आणि इतके दिवस मान मोडून लिहिणाऱ्या माणसाला समोरच्याने वाचलंय की चाळलंय हे लगेच कळतं. 'खरं खरं सांग' म्हणाले म्हणून लाल पेन घेऊन बसलात, तर तेही फसेल. आयुष्य चांगलं गेलं की वाईट, हे ते तुम्हाला विचारत नाहीत. तरीही बहुतेक घरांतून उत्तर येतं ते या न विचारलेल्या प्रश्नाचं: "किती कष्ट काढलेत हो तुम्ही!" बोलणाऱ्याला वाटतं आपण मायेने बोललो. लिहिणाऱ्याच्या पदरात काही पडत नाही, कारण कष्ट काढले हे त्याला ठाऊकच होतं. आपण सांगितलेलं पोचलं का, कुठे पोचलं, कुठे नाही, हे त्याला हवं असतं.

म्हातारी माणसं जुनं उगाळत बसतात, हे बुद्धी मंदावल्याचं लक्षण आहे असं डॉक्टरही एके काळी मानत. रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ साली लिहिलेल्या लेखात याच्या उलट मांडणी केली. मरण जवळ आल्याची जाणीव झाली की माणूस गेलेलं आयुष्य पुन्हा चाळून बघतो, अर्धवट राहिलेल्या गोष्टी जुळवून बघतो, आणि हे त्या वयाचं स्वाभाविक काम आहे, असं त्यांचं म्हणणं. तुमचे मामाजी तेच करताहेत. जुळवाजुळव चालू असताना कोणी निकाल लावून मोकळं झालं तर ती तिथेच थांबते. कोणी नेमकं विचारलं तर पुढे जाते. एवढं धरून ठेवलंत तर बाकी मी सांगते तो सगळा तपशील आहे.

आता ते पान. त्यातला खलाशी म्हणजे रेल्वे वर्कशॉपमधला मदतनीस कामगार, आणि छोटी लाईन म्हणजे नॅरोगेज.

"१९७१ साली मोतीबागेत खलाशी म्हणून लागलो. छोट्या लाईनचं काम. साहेब कडक होते पण मनाचे चांगले होते. पहिल्या पगारात बाबाला धोतरजोडी अन् मायला लुगडं घेतलं. १९७३ ला लग्न झालं. पत्नीने संसारात मोलाची साथ दिली. १९७४ च्या संपात थोडा त्रास झाला. नंतर सगळं सुरळीत झालं. १९७६ ला मोठा मुलगा, १९७९ ला मुलगी. १९८५ ला लुना घेतली."

आणि इथून पुढे सबंध पानभर लुना, म्हणजे ती मोपेड. रंग कोणता, रोखीने घेतली की हप्त्याने, पहिल्या दिवशी कामठी रोडवर कुठे बंद पडली, प्लग काढून सँडपेपरने घासला तो कोणत्या पानठेल्यासमोर, आणि नंबर अजून तोंडपाठ आहे तो.

तुम्ही सोबत लिहिलंय, "लुनावर पानभर आणि लग्नावर एक ओळ, हे हास्यास्पद वाटतं, सांगू का?" नका सांगू. या पानातली सगळ्यात जिवंत जागा ती लुनाच आहे. 'साहेब कडक पण मनाचे चांगले', 'मोलाची साथ', 'सगळं सुरळीत झालं' ही वाक्यं त्यांची नाहीत. ती निरोप समारंभातली वाक्यं आहेत. निवृत्तीच्या दिवशी हार घालून जी भाषणं होतात त्यातून ती उचलली जातात, आणि लिहायला बसलं की आधी तीच हाताशी येतात. प्लग घासण्याचा तपशील मात्र कुठल्याच भाषणातून येत नाही. तो त्यांनी स्वतः बघितला आहे. तुमच्या अभिप्रायाची सुरुवात तिथून करा: "मामाजी, लुना बंद पडली ते वाचताना मला तो पानठेला दिसला." खुशामत नाही ही. कुठे दिसलं एवढंच तुम्ही सांगताय, आणि त्यांनाही त्यावरून कळतं की असं लिहिलं की समोरच्याला दिसतं.

मग विचारा, "पहिल्या दिवशी मागे कोण बसलं होतं?"

आत्याबाई वहीत यायच्या असतील तर अशाच येतील. "तुम्ही आत्याबाईंबद्दल काहीच का नाही लिहिलं?" असं विचारलंत तर तो आरोप होतो, आणि आरोपाला माणूस वकिली उत्तर देतो: "लिहिलंय ना, मोलाची साथ दिली म्हणून." त्या पिढीच्या पुरुषांना बायकोविषयी लिहायची सवय नाही, त्यात थोडा संकोचही असतो. लिहू नये असं वाटतं म्हणून राहिलं की सुचलंच नाही म्हणून राहिलं, हे बाहेरून कळत नाही. जागा, वस्तू, वेळ धरून विचारलं की कळायला लागतं. लुनाच्या मागे कोण, क्वार्टरमध्ये पाणी किती वाजता यायचं आणि ते कोण भरायचं, पहिल्या पगारातलं मायचं लुगडं कोणी निवडलं.

एकाच घरातून दोन आत्मचरित्रं निघाली तर काय दिसतं, याचं मराठीतलं चांगलं उदाहरण कर्व्यांच्या घरचं आहे. धोंडो केशव कर्वे यांचं 'आत्मवृत्त' १९१५ सालचं, आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे, यांचं 'माझे पुराण' १९४४ सालचं. एकात संस्था उभी राहताना दिसते, दुसऱ्यात त्याच काळात घरातली ओढाताण दिसते. दोन्ही खरी आहेत. तुमच्या घरातलं दुसरं पुस्तक आता लिहिलं जाणार नाही, म्हणून पहिल्यात जेवढं सामावेल तेवढं मागून घ्यायचं.

आता त्या पानातल्या माझ्या मते सगळ्यात मोठ्या ओळीकडे येते. "१९७४ च्या संपात थोडा त्रास झाला." हा ८ मे १९७४ ला सुरू झालेला देशव्यापी रेल्वे संप. सुमारे १७ लाख कामगारांचा प्रश्न होता. आठ तासांचा दिवस, पगारवाढ आणि बोनस या मुख्य मागण्या. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागता लागता, २७ मेला, तो मागे घेतला गेला. त्या वीस दिवसांत देशभर हजारो लोकांना अटक झाली, कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या, काही ठिकाणी बायकापोरांसकट क्वार्टर रिकामी करून घेतली. बडतर्फ झालेल्यांपैकी अनेकांना १९७७ नंतर, जनता सरकार आल्यावर, परत घेतलं गेलं. तुमचे मामाजी तेव्हा नोकरीत जेमतेम तीन वर्षं मुरलेले, लग्नाला वर्ष झालेलं. 'थोडा त्रास' या दोन शब्दांत काय दडलंय हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही. इथेच वाचणाऱ्याचा पाय घसरतो. आपल्याला इतिहास माहीत असतो, म्हणून आपण गोष्ट आधीच रचून टाकतो: "बापरे, संपात तुम्ही किती सोसलं असेल!"

समजा, ते संपात नव्हतेच. समजा, नवी नोकरी आणि नवी बायको म्हणून ते कामावर गेले आणि पुढे कित्येक महिने शेजारच्या क्वार्टरमधलं कोणी त्यांच्याशी बोललं नाही. मग तुमच्या त्या एका सहानुभूतीच्या वाक्यानंतर ही गोष्ट ते तुम्हाला कधीच सांगणार नाहीत, कारण तुम्ही त्यांना आधीच शूर ठरवून बसलात. म्हणून असं विचारायचं की दोन्ही बाजूंनी दार उघडं राहील. "त्या मे महिन्यात तुम्ही रात्री घरीच झोपायचे का?" "किराणा कुठून यायचा?" अशा प्रश्नाला संपात असलेला माणूसही उत्तर देऊ शकतो आणि नसलेलाही. उत्तर नाही आलं तर दुसऱ्यांदा विचारू नका. "थोडा त्रास" एवढंच ठेवण्याचा त्यांना हक्क आहे. मात्र तुम्ही विचारलं हे त्यांच्या लक्षात राहील. पंधरा दिवसांनी एखाद्या दुपारी चहा पिताना ते आपण होऊन सुरू करतात, असं मी बऱ्याच घरांत ऐकलं आहे.

तुमची आणखी एक तक्रार होती, की निवृत्तीनंतरची वीस वर्षं दोन पानांत आटोपली आणि पोरवयातलं पोळ्याचं आणि मारबतीचं, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीचं, वर्णन संपता संपत नाही. याला इलाज नाही आणि इलाजाची गरजही नाही. उतारवयात माणसाला साधारण दहा ते तीस या वयातलं सगळ्यात दाट आठवतं, हे स्मृतीचा अभ्यास करणाऱ्यांनी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. पहिली नोकरी, पहिलं घर, पहिलं मूल, सगळं त्याच टप्प्यात येतं. तेव्हा पिवळ्या मारबतीची मिरवणूक कोणत्या गल्लीतून यायची आणि तान्ह्या पोळ्याला लाकडाचा बैल घेऊन किती घरं फिरायचो, हे दहा पानं चाललं तर चालू द्या. नातवंडं वाचतील ते तेच.

वाचण्याची पद्धत म्हणाल तर पहिलं वाचन हातात पेन्सिल न घेता, दोन-तीन बैठकांत. दुसऱ्या वाचनात वेगळा कागद घ्या. वहीवर खूण करायची नाही, अगदी पेन्सिलनेही नाही. एकच प्रत आहे. कागदावर दोन प्रकारच्या जागा उतरवा: अर्ध्या दिवसावर दोन पानं खर्च झालीत त्या, आणि दहा वर्षं एका ओळीत संपलीत त्या. बहुतेक प्रश्न या दोन यादीतच सापडतात. शुद्धलेखन बघू नका. ऱ्हस्व-दीर्घ शेवटी कोणीही सुधारून देतं. पण शब्दांना हात लावायचा नाही हे मी निक्षून सांगते. त्यांनी 'वावर' लिहिलं असेल तर 'शेत' करू नका, 'बंडी'ची 'बैलगाडी' करू नका, 'धुऱ्या'चा 'बांध' करू नका, 'माय'ची 'आई' तर मुळीच नको. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळेल का, ही काळजी घरातल्या वहीने कशाला करायची? आणि चांगल्या पुस्तकात तो शब्द आपोआप कळतोच.

वाटणीचा मजकूर वेगळा हाताळावा लागेल. तिथे दोन गोष्टी एकात मिसळल्या आहेत. भाऊ असं वागला तेव्हा मला काय वाटलं, ही एक. भावाने कागदोपत्री फसवलं, ही दुसरी. पहिलीवर कोणीही वाद घालू शकत नाही, तुम्हीही घालू नका. दुसरी तपासता येते: वाटणीपत्र, फेरफार, सातबारा. पण आता, ते वाचक मागताहेत तेव्हा, सातबारा काढून आणणारी सून होऊ नका. घरात राहणार असेल तर वही आहे तशी राहू दे. छापायची झाली तर मात्र काकाजी, म्हणजे तो धाकटा भाऊ, हयात आहेत, त्यांची मुलं आहेत. बदनामी हा आपल्याकडे फौजदारी गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये येतो, त्याआधी दंडविधानाच्या ४९९-५०० मध्ये होता. 'मी लिहिलं ते खरं आहे' एवढ्याने सुटका होत नाही, ते जाहीर करण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं. दोन भावांच्या वाटणीत लोकहित दाखवणं अवघड. मी अशा वेळी दोन प्रती करायला सांगते: एक घरची, पूर्ण, दुसरी छापायची, जिच्यात नाव नाही, आरोप नाही, पण त्या रात्री वावराच्या धुऱ्यावर बसून काय वाटलं ते शब्दही न गाळता आहे. वाचणाऱ्याला तसंही तेवढंच लागतं.

आणि ही वही तुमच्या हाती दिली आहे. वाटणीचं नवऱ्याला आधी तुम्ही सांगू नका. ते सांगायचं की नाही हे मामाजी ठरवतील. आपल्याकडे घरातल्याच माणसांपासून लिहिलेलं लपवून ठेवण्याची परंपरा मोठी आहे. फलटणच्या बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' लिहिलं ते नवऱ्यापासून आणि घरच्यांपासून वीसेक वर्षं लपवून ठेवलं होतं. नागपूरच्या खलाशी लाईन या वस्तीत वाढलेल्या कौसल्या बैसंत्री, ज्यांचे आईवडील एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते, त्यांनी १९९९ साली हिंदीत 'दोहरा अभिशाप' छापलं तेव्हा सुरुवातीलाच लिहून टाकलं की मुलगा, भाऊ, पती रागावतील, पण आपल्यालाही आपलं म्हणणं मांडायचं स्वातंत्र्य हवं. तुमच्या मामाजींनी स्वतःहून वही पुढे केली, यातच त्यांनी बराच धोका पत्करला आहे.

तारखांचं एक. नागपूरकरांच्या आठवणींत राज्यांचा घोळ हमखास असतो, आणि तो घोळ बहुतेकदा घोळ नसतो. सत्तरीच्या पुढचा माणूस "आम्ही लहानपणी मध्य प्रदेशात होतो" असं लिहितो तेव्हा नातवंडं हसतात. पण नागपूर १९५० पर्यंत मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होतं, मग मध्य प्रदेशची झालं, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. महालातलं घर न सोडता माणसाचा पत्ता चार राज्यांतून फिरून आला. तेव्हा अशी ओळ दिसली की आधी साल बघा, मग हसा. खरीच चूक असेल तर "हे तपासून घेऊ का?" असं विचारायचं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर लोटलेली गर्दी बघितल्याचं कोणी लिहिलं आणि स्वतःचं वय बारा सांगितलं, जन्मसालाप्रमाणे ते सात भरतंय, तर वय दुरुस्त होईल, गर्दी खोटी ठरत नाही. वडिलांच्या खांद्यावरून बघितली असेल.

अभिप्राय तोंडी देऊ नका, आणि व्हॉट्सॲपवर तर नकोच. एकाच घरात राहता तरी पत्र लिहा. लिहिणाऱ्या माणसाला लिहून उत्तर मिळण्याचं समाधान वेगळं असतं, शिवाय ते पत्र तो चार वेळा वाचतो. साधारण असं:

"ती. मामाजींस सा. न. दोन्ही वह्या वाचल्या, दोनदा. लुना बंद पडली ते आणि पहिल्या पगाराचं लुगडं, या दोन जागी मी थांबून पुन्हा मागे गेले. मारबतीच्या मिरवणुकीत तुम्ही हरवलात तिथे मला पुढे काय झालं ते हवं होतं, तुम्ही एकदम शाळेवर गेलात. संपाच्या दिवसांत क्वार्टरमध्ये कोण कोण होतं? लुनाच्या मागे पहिल्यांदा कोण बसलं? वाटणीचं पान वाचलं. त्याबद्दल मी कोणाशी बोलले नाही. ते छापायचं का, यावर तुम्हाला वाटेल तेव्हा बोलू. कामगारांची टोपणनावं लिहिलीत ती यादी अजून वाढवा."

बघा, यात 'छान' नाही, 'प्रेरणादायी' नाही, आणि तुमच्या स्वतःच्या आजोबांची गोष्टही नाही. ही शेवटची सवय मोडायला सगळ्यात जड. कोणी आपली हकिगत सांगितली की आपल्या तोंडून "आमच्याकडेही असंच झालं होतं" निघतंच. गप्पांत ठीक आहे. अभिप्रायात मात्र सांगणाऱ्याच्या हातून गोष्ट काढून घेतल्यासारखं होतं.

तुमच्या वाचनगटाचंही दुखणं हेच, फक्त जरा सुशिक्षित. छापील आत्मकथनाला आपण दोन प्रकारे गप्प करतो: हळहळून आणि कौतुक करून. कौतुकाचं जास्त लक्षात येत नाही, म्हणून त्याचं उदाहरण देते. नागपूरच्याच कुमुद पावडे. दलित कुटुंबातली मुलगी संस्कृत शिकते, त्यात एम.ए. करते, पुढे संस्कृतची प्राध्यापक होते. 'अंतःस्फोट' हे त्यांचं पुस्तक १९८१ सालचं. यावर गटात हमखास येणारं वाक्य: "जिद्द असली की सगळं मिळतं, हे यातून शिकायला मिळतं." आता पुस्तकात काय आहे? पदवी हातात असून नोकरी मिळत नव्हती. आंतरजातीय लग्न झालं, सोमकुवर हे आडनाव जाऊन पावडे लागलं, आणि मग नोकरी मिळाली. ती सोमकुवरला मिळाली नाही, पावडेला मिळाली, हे त्या स्वतः टोचून सांगतात. म्हणजे लेखिका म्हणते जिद्दीने भागलं नाही, आणि वाचक टाळ्या वाजवून तिला सांगतो की जिद्दीनेच भागलं. इतका उलटा अर्थ हळहळीतूनसुद्धा निघत नाही.

हळहळीचा तोटा वेगळा. वसंत मून यांचं 'वस्ती' घ्या, १९९५ सालचं, आपल्या सीताबर्डीतल्या महारपुऱ्याचं. दुःख शोधत वाचायला बसलात तर ते सापडतं, भूक आहे, अपमान आहेत. पण मग आखाडे, कुस्त्या, आंबेडकरांचं समता सैनिक दल, सगळ्या वस्तीने मिळून उभं केलेलं आयुष्य हाताखालून निसटतं, आणि पुस्तकाचं नाव 'मी' नसून 'वस्ती' का आहे, हेही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'चं तसंच. वडिलांचं सोवळ्याचं वेड, बाजारातून आलेलं सगळं धुऊन घेणं, हे त्या असं सांगतात की हसू आवरत नाही. तिथे "किती सोसलं बिचारीनं" म्हणणाऱ्याने हसण्याची परवानगी असताना तोंड लांब केलेलं असतं.

आणि एक वाक्य गटात चालवून घेऊ नका, ते म्हणजे "आमच्या गावात मात्र असं काही नव्हतं." १९७८ साली दया पवार यांचं 'बलुतं' आलं तेव्हापासून दलित आत्मकथनांना हे उत्तर मिळत आलं आहे. बोलणाऱ्याला वाटतं आपण माहितीत भर घालतोय. प्रत्यक्षात त्याला ते दिसत नव्हतं, इतकंच त्या वाक्यातून कळतं. असं कोणी म्हणालं तर भांडू नका, विचारा: "तुमच्या गावात ती वस्ती कुठल्या बाजूला होती? तुम्ही तिकडे कधी गेला होतात?" बैठकीचा सूर लगेच बदलतो, कधी कधी बिघडतोही. बिघडू द्या.

गटासाठी बाकी फार नियम करू नका. ज्याला बोलायचं असेल त्याने आधी पुस्तकातला एक परिच्छेद मोठ्याने वाचायचा आणि त्याच परिच्छेदावर बोलायचं, हा एक पुरतो. न वाचता आलेले यात आपोआप गप्प बसतात. 'अंगावर काटा' म्हणणाऱ्याने सगळ्यांना चहा पाजायचा, असं आमच्याकडे ठरलं होतं. चहा बराच प्यायला मिळाला.

राहिली छपाई. आधी दोन्ही वह्यांचं प्रत्येक पान मोबाईलवर स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा, हे आजच करा. मग जुने फोटो घेऊन मामाजींजवळ बसा आणि प्रत्येकाच्या मागे मऊ पेन्सिलने नावं लिहून घ्या, विशेषतः वर्कशॉपच्या ग्रुप फोटोवर, कारण ती माणसं ओळखणारं घरात दुसरं कोणी नाही. घरात वाटायच्या पुस्तकाला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, लागत नाही, मान्यवरांची प्रस्तावनाही लागत नाही. नातीने मागच्या पानावर दोन ओळी लिहिल्या तर जास्त शोभेल. डिजिटल छपाईत थोड्या प्रती निघतात, त्यामुळे पाचशेचा हट्ट धरणाऱ्या मुद्रकाकडे जाऊ नका. पन्नास पुरतात. शंभर काढल्यात तर उरलेल्या पन्नास दिवाणात जातील आणि दरवर्षी दिवाळीची साफसफाई करताना तुम्हालाच उचलाव्या लागतील.